खोडदच्या पराती

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक प्रश्न घरचे नाहीतर गोठ्यातले असतात. या खेपेला नेसरी भागातल्या एका भगिनीचे पत्र वेगळे आहे. त्यांचा मुलगा मालट्रकवर असतो. टोमॅटोच्या हंगामात गाडी पुण्याच्या पलीकडे नारायणगावच्या बाजारात गेली होती. तिथून आडवाटेने जाताना त्याला शेतांच्या मधोमध लोखंडी पराती दिसल्या, एकेक वाड्यापेक्षा मोठी, सगळ्या आभाळाकडे तोंड करून एकाच बाजूला कललेल्या. ड्रायव्हर म्हणाला, मिलिटरीचे काहीतरी असेल. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "ह्यांच्यापायी आमची रेल्वे गेली बघा." बाई विचारतात, ही काय भानगड आहे? परातीपायी रेल्वे कशी जाते?

प्रश्न झकास आहे. उत्तर द्यायला मात्र थोडे लांबून यावे लागेल.

आधी मिलिटरीचे काढून टाकू. नारायणगावच्या पूर्वेला खोडद गावाच्या शिवारात उभी आहे ती रेडिओ दुर्बीण. साधी दुर्बीण डोळ्याने पाहायची असते, हिला भिंगही नाही आणि डोळा लावायची जागाही नाही. ही आभाळाला कान लावून बसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली आणि तिचा कारभार पुणे विद्यापीठाच्या आवारातले त्याच संस्थेचे रेडिओ खगोलशास्त्र केंद्र पाहते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला जीएमआरटी म्हणतात. एकूण पराती ३०. प्रत्येक परात काठापासून काठापर्यंत ४५ मीटर. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका परातीचे तोंड पावणेसोळा गुंठ्यांचे. तिसांची तोंडे जोडली तर बारा एकरांना थोडी कमी.

आता आभाळाला कान कशाला लावायचा? तिथे कोण बोलते?

आपल्याकडे अजून ज्यांच्या घरी रेडिओ आहे, त्यांना हे लवकर कळेल. सांगली केंद्र लावून बसावे आणि तेवढ्यात शेजाऱ्याने विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबावा, की रेडिओ खर्रर करतो. आजऱ्याकडे वीज चमकली तरी करतो. ठिणगी कुठेही पडो, तिच्यातून रेडिओच्या लाटा निघतात आणि आपल्या संचाला त्या ऐकू येतात. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा एक तरुण अभियंता अशाच खरखरीच्या मागे लागला होता. दूरध्वनीच्या कंपनीत त्याची नोकरी. समुद्रापलीकडच्या बोलण्यात खरखर कशाने येते ते शोध, असे त्याला सांगितलेले. त्याने न्यू जर्सी राज्यात एका बटाट्याच्या जुन्या शेतात सांगाडा उभा केला, त्याला फोर्ड मोटारीची चाके लावली आणि तो पाळण्यासारखा गोल फिरवत ऐकत बसला. जवळच्या वादळाची खरखर वेगळी निघाली, लांबच्या वादळाची वेगळी. तिसरी एक बारीक शिट्टीसारखी सुसू कशातच बसेना. ती रोज ऐकू येई, पण रोज चार मिनिटे लवकर.

चार मिनिटे लवकर म्हटल्यावर आपल्या आजोबांनी ओळखले असते. तिकांडे आज ज्या वेळी डोंगरावर दिसले, त्याच्या चार मिनिटे आधी ते उद्या दिसते. सूर्य तसे करत नाही, चांदण्या करतात. म्हणजे ही खरखर चांदण्यांच्या गावची. १९३३ मध्ये जान्स्कीने जाहीर केले की आवाज धनु राशीच्या दिशेकडून, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येतो आहे. कंपनीचे काम झाले होते, तिने त्याला दुसरे काम दिले. पण माणसाला आभाळ ऐकू येऊ लागले ते त्या बटाट्याच्या शेतापासून.

आपल्या देशात हे शास्त्र रुजवले ते गोविंद स्वरूप यांनी. जन्म १९२९ चा, उत्तर प्रदेशातला. अमेरिकेत शिकून शिकवत होते. होमी भाभांनी बोलावले तसे १९६३ मध्ये परत आले. हाताशी काय होते? ऑस्ट्रेलियाने वापरून बाजूला ठेवलेल्या ३२ लहान पराती, सहा-सहा फुटांच्या, भारताला भेट मिळाल्या होत्या. त्या त्यांनी कल्याणजवळ रांगेत मांडल्या आणि १९६५ मध्ये सूर्य ऐकायला सुरुवात केली. मग उटीला गेले. तिथली दुर्बीण म्हणजे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी एक प्रचंड पन्हळच. ती पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायची होती. सपाटीवर तसे करायचे तर एक टोक आभाळात न्यावे लागले असते. त्यांनी त्याऐवजी बरोबर तेवढ्याच उताराची टेकडी हुडकली, साधारण ११ अंशांची, आणि तिच्या अंगावर ती पन्हळ निजवली. १९७० मध्ये काम सुरू झाले. ज्याला जमिनीचा उतार पाहून पाट काढायची सवय आहे, त्याला या बुद्धीचे मोल मी सांगायला नको.

खोडदची कल्पना १९८० नंतरची. या वेळी मोठा पेच होता वाऱ्याचा. एवढी परात पत्र्याची केली तर वाऱ्यात तिचे काय होईल, हे ज्याच्या गोठ्याचे पत्रे वळवाच्या वाऱ्याने पल्याडच्या शेतात जाऊन पडले आहेत त्याला विचारा. तो रेटा सोसायचा तर खालचा सांगाडा इतका जाड करावा लागतो की पैशाचा हिशेबच जमत नाही. परदेशांतल्या मोठ्या पराती म्हणूनच भारी महाग पडत.

पण पत्रा उडतो आणि त्याच बांधावरचे तारेचे कुंपण तसेच उभे राहते, कारण वारा त्यातून निघून जातो. मग परात जाळीची का करू नये? रेडिओची लाट जाळीतून गळून जाणार नाही का, अशी शंका येईल. ती रास्त आहे. उत्तर चाळणीत आहे. पिठाच्या चाळणीतून रवा पडत नाही. भोक लहान आणि दाणा मोठा असला की तो वरच राहतो. प्रकाशाची लाट इतकी बारीक असते की तिला आरसाच लागतो. खोडदला ज्या लाटा झेलायच्या त्या वीतभरापासून चार-पाच हातांपर्यंत लांब. तिथली जाळी मध्यभागी एक सेंटिमीटर भोकाची, काठाकडे दोन सेंटिमीटरची. वीतभर लाटेला ते भोक दिसतही नाही. ती जाळीवर आपटून आरशावरून उजेड परतावा तशी परतते आणि वर टांगलेल्या ग्राहक यंत्रावर गोळा होते. वारा मात्र आरपार जातो.

ही जाळी बसवायची रीत मला सगळ्यांत आवडते. लोखंडी नळ्यांच्या १६ कमानी मधल्या कण्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर निघतात. कमानी-कमानींमध्ये पोलादी तारांचे दोर ताणायचे आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड तारेची जाळी खेचून बांधायची. बाज विणताना चौकट पक्की असली आणि सुंभ नीट ताणला की झोळ पडत नाही, तसेच. दोर कुठे किती ताणायचा यावर परातीची खोली ठरते. परात हलकी झाली म्हणून तिला वळवणारी यंत्रे लहान पुरली, पायाही लहान पुरला. नाहीतर आपल्या देशाला ३० पराती परवडल्याच नसत्या. वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की काम थांबवून पराती सरळ आभाळाकडे तोंड करून उभ्या ठेवतात. नाव राखून ठेवतात तसे.

तीसच का, आणि एवढ्या लांब-लांब का, हाही प्रश्न पोराला पडला असेलच. १४ पराती खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना तीन फाट्यांवर, गावोगावच्या शिवारात. या टोकापासून त्या टोकापर्यंत २५ किलोमीटर भरतात. नेसरीहून एस.टी. धरून गडहिंग्लज गाठावे, साधारण त्या पल्ल्याची गोष्ट. लाट जितकी लांब तितकी दुर्बीण मोठी लागते, नाहीतर सगळे धूसर दिसते. पंचवीस किलोमीटरची परात कुणी बांधू शकत नाही. पण रात्री डोंगरात चुकलेल्या बैलाची घुंगरमाळ वाजली तर ती डावीकडे की उजवीकडे हे आपण दोन कानांमुळेच ओळखतो. आवाज एका कानाला क्षणभर आधी पोचतो. खोडदला कान ३०. त्यांच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. एकच लाट कोणत्या परातीला किती आधी पोचली, हे सगळे जमिनीतून नेलेल्या काचेच्या तंतूंवरून मधल्या इमारतीत जाते. तिथे संगणक जोड्या जुळवतो आणि त्यातून आभाळाच्या त्या तुकड्याचे चित्र तयार होते, जणू २५ किलोमीटरच्या एकाच परातीने काढावे तसे. पृथ्वी फिरते तशा पराती आभाळाखाली फिरतात आणि चित्रातली राहिलेली भोके भरत जातात.

काम १९९० च्या दशकात झाले आणि २००१ च्या ऑक्टोबरात दुर्बीण रीतसर जगाच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. खुली म्हणजे खरोखर खुली. कुठल्याही देशाच्या माणसाने काय पाहायचे ते लिहून पाठवावे, पसंत पडले तर वेळ मिळतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचे एक यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून खोडदच्या परातींनी धरला होता. उतरता उतरता तो एकदम बंद पडला. यान आपटले होते. त्याच्या शेवटच्या क्षणांचे ऐकणारे पहिले कान जुन्नर तालुक्यातले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विश्वात सगळीकडे हायड्रोजन वायू भरला आहे. त्यातूनच तारे होतात. त्या वायूची स्वतःची एक लाट असते, २१ सेंटिमीटरची, म्हणजे एक वीत. विश्व फुगत असल्यामुळे फार लांबून येणारी लाट वाटेत ताणली जाते. २०२३ मध्ये खोडदच्या नोंदींतून एका अतिदूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनची खूण सापडल्याचे जाहीर झाले. ती लाट निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती. निघाली वीतभर, खोडदच्या जाळीवर पोचली हातभर होऊन.

आता रेल्वे.

इतक्या लांबून आलेली लाट किती क्षीण असेल त्याची कल्पना करा. तिच्यापुढे आपल्या हातातला मोबाइल म्हणजे कानाशी वाजलेला ताशा. मोटारीचा स्टार्टर, स्कूटरचा प्लग, विजेच्या खांबावरच्या तडकलेल्या चिमणीतून उडणारी ठिणगी, कारखान्यातले वेल्डिंग, सगळे तिला ऐकू येते. म्हणून दुर्बीण अशी जागा मागते, जिथे शांतता आहे. आपल्या कानाला लागणारी नव्हे, रेडिओची शांतता. खोडदची जागा निवडली ती यासाठी. पुणे-मुंबई हाताशी, पण शहरांचा गलबला डोंगर अडवतात. डोंगर कसे अडवतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. खिंडीच्या अलीकडे मोबाइलला रेंज असते आणि पलीकडे उतरले की जाते, तेच हे. याच खोऱ्यात आर्वीला १९७१ मध्ये उपग्रहाशी बोलणारे केंद्र उभे राहिले होते.

परंतु शांतता काही जमिनीसारखी सात-बारावर चढत नाही. परातीखालची जागा विकत घेता येते, आसपासच्या गावांची शांतता विकत घेता येत नाही. ती शेजाऱ्यांनी राखावी लागते. खोडदभोवती सुमारे ३० किलोमीटरच्या टापूत कारखाना काढायचा तर दुर्बिणीवाल्यांची संमती घ्यावी लागते.

पुणे-नाशिक वेगवान रेल्वे ठरली ती चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी. काही गावांत मोजण्याही झाल्या. कांदा, टोमॅटो, द्राक्षे, दूध यांचा हा मुलूख. रेल्वेची वाट या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. पण विजेवरची गाडी वरच्या तारेला घासत पळते तेव्हा ठिणग्या उडत राहतात, आणि ठिणगी म्हणजे खरखर. दुर्बिणीवाल्यांनी हरकत घेतली. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की खोडदच्या दुर्बिणीमुळे हा मार्ग बदलावा लागेल, गाडी अहिल्यानगर-शिर्डीकडून जाईल. टपरीवाल्याचा राग तो हा. जुन्नर-आंबेगावचे लोक म्हणतात, हवा तर वळसा घाला, पण आमचा तालुका सोडू नका.

माझे मत विचाराल तर दुर्बीण हलवता येणार नाही, आणि हलवूही नये. ती आधी आली आहे आणि असे खोरे पुन्हा मिळायचे नाही. पण तेवढे बोलून गप्प बसणाऱ्यांचे मला पटत नाही. फाटकवाडीला पाणी अडले म्हणून घटप्रभेच्या काठाला आज ऊस उभा आहे. आपण तो कारखान्याला घालतो, तेव्हा बुडितात कोणाचे काय गेले ते आठवतो का? बुडितवाल्याला निदान कागदावर तरी पर्यायी जमीन आहे, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे, मोर्चा न्यायला कचेरी आहे. शांतता देणाऱ्याला काहीच नाही, कारण त्याचे काही घेतले असे कुठे लिहिलेलेच नाही. जुन्नरच्या शेतकऱ्याने कारखाना सोडला, आता रेल्वेही सोडायची म्हणता, तर त्याची किंमत मोजायला हवी. शीतगृहे द्या, बाजारापर्यंतचे रस्ते नीट करा, त्याच्या पोरांना शिकायला जागा राखा. दिल्लीने २०२४ मध्ये आफ्रिका-ऑस्ट्रेलियात होणाऱ्या जागतिक दुर्बिणीत भागीदारीसाठी १२५० कोटी मंजूर केले. चांगलेच केले. मग घरच्या दुर्बिणीच्या शेजाऱ्यांसाठी थैलीचे तोंड आखडू नये.

इतर देशांनी हा पेच निराळ्या तऱ्हेने सोडवला. अमेरिकेत ग्रीन बँक येथे १९५८ पासून हजारो चौरस किलोमीटरचा शांत टापू आखलेला आहे. तिथे दुर्बिणीजवळ गाडी न्यायची तर डिझेलची नेतात, कारण डिझेलच्या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. दक्षिण आफ्रिकेने कारू नावाच्या माळरानावर मेंढ्यांची मोठमोठी कुरणे विकत घेऊन माणूसवस्तीच लांब केली, आणि तिथेही उरलेल्या मेंढीवाल्यांनी फोन मिळत नाही म्हणून तक्रार केलीच. ऑस्ट्रेलियात तर मुळात माणसे तुरळक. आपल्याकडे माणूस नाही असे खोरे कुठले? खोडदची परात द्राक्षाच्या मांडवाला लागून उभी आहे. बागाईत गावांच्या मध्ये बसून जगातल्या पहिल्या प्रतीचे काम होते, ही आपली तऱ्हा. म्हणून विजेच्या तारांतली ठिणगी शोधत दुर्बिणीची माणसे फिरतात. शेतकऱ्याचा त्यात फायदाच, कारण ठिणगी उडणारी लाइन आज ना उद्या तुटणारच असते.

गोविंद स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात वारले. त्याच वर्षी विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने खोडदच्या दुर्बिणीला ऐतिहासिक काम म्हणून मान दिला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलाला पुन्हा तिकडे भाडे लागले, तर शक्यतो २८ फेब्रुवारीच्या सुमारास लागावे. विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते. गावोगावच्या शाळांची पोरे आपापली यंत्रे मांडतात आणि शास्त्रज्ञ माणसे त्यांच्यापुढे उभे राहून समजावून घेतात. आपल्या भागातल्या शाळा शिवनेरीला सहल नेतातच. तिथून खोडद लांब नाही. गुरुजींनी आधी पत्र पाठवून परवानगी तेवढी घ्यावी. आणि पोराने फाटकाजवळ आपला मोबाइल बंद करावा. खिशात ठेवलेला चालत नाही, बंदच करायचा.